सत्तर टक्क्यांची राखण

आमच्या दुकानात ओल म्हणजे शत्रू. मी मोटारी भरतो. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढायची, नवी भरायची, व्हार्निश पाजायचं आणि आत २०० वॅटचा बल्ब पेटवून रात्रभर वाळवायचं. सकाळी मेगर लावायचा. आकडा वर चढला की समजायचं, ओल गेली, आता ही मोटार विहिरीवर जायला मोकळी. मोडनिंबच्या हायवेवर तीस वर्षं मी ओल घालवण्याचे पैसे घेतोय. अशा माणसाच्या हातात भाच्यानं ओल सांभाळायला दिली.

भाचा व्यापारी जहाजावर असतो. सहा महिने पाण्यात, तीन महिने जमिनीवर. मार्चअखेरीला पुन्हा जहाजावर चढण्याआधी दोन दिवस आमच्याकडे राहिला. जाताना बॅगेतून एक लाकडी पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. तांबूस लाकूड, पितळी बिजागरी, झाकणावर घड्याळासारखी काटा असलेली तबकडी. उघडली तर आत दोन थरांत सिगार.

"पंचवीस हायत, मामा. कस्टममध्ये तेवढेच चालतात. आमच्या कॅप्टनच्या रिटायरमेंटला द्यायचेत. आईकडं ठेवले तर बाबा वाटून टाकतील. तुम्ही बिडीसुद्धा ओढत नाही, म्हणून तुमच्याकडं."

"बरं. कपाटात ठेवतो."

"ठेवा. फक्त आतली आर्द्रता सत्तर टक्के पाहिजे. काटा बघत जावा. खाली आला की ह्या स्पंजात थोडं पाणी."

एवढं सांगून भाचा कुर्डुवाडीला गाडी धरायला गेला. आई माळकरी. तिनं पेटीकडे असं बघितलं, जणू मी घरात जिवंत कोंबडं आणलंय. "देवघराच्या भिंतीला लावू नकोस," एवढंच म्हणाली. मी पेटी पुढच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ठेवली आणि काटा बघितला. बावीस.

आता सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल ज्यानं काढलाय त्याला बावीस म्हणजे काय ते सांगायला नको. धुणं दोरीवर टाकून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. ओठ फुटतात, दाराची लाकडं आकसून फटी पडतात. भाच्याचा स्पंज मी नळाखाली धरला, निथळवला, जागेवर बसवला. दुसऱ्या दिवशी काटा पंचवीस. पुन्हा पाणी. सत्तावीस. मी मेकॅनिक माणूस. काटा हलत नसेल तर जोर कमी पडतोय, हे माझं आयुष्यभराचं गणित. ओल्या फडक्यानं पेटी आतून पुसून काढली. औषधाच्या बाटलीची दोन टोपणं पाण्यानं भरून कोपऱ्यात ठेवली. कापसाचा बोळा भिजवून ठेवला. आठव्या दिवशी काटा एकदाचा सत्तरवर आला. मी बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "अवो, पण वास कसला येतोय?"

वास पावसाळ्यात दप्तरात विसरलेल्या डब्यासारखा होता. खालच्या थरातल्या दोन सिगारांवर हिरवट पांढरी लव आली होती. स्पंजावर पांढरा थर जमला होता. तो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. आमच्या बादल्यांना, नळांना, चहाच्या पातेल्याला तोच थर असतो, म्हणून मला त्यात नवल वाटलं नव्हतं. लवीचं मात्र वाटलं. ज्या गावात भिजवलेली मटकी दुपारपर्यंत वाळून जाते, तिथं मी बुरशी पिकवून दाखवली होती.

भाच्याचं जहाज कुठल्या तरी बंदराला लागलं आणि त्याचा फोन आला तेव्हा मी सगळं कबूल केलं. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, काटा खरं बोलतोय का ते तपासलंत का?"

हे ऐकून मी वरमलो. गिऱ्हाइकाची मोटार हातात घेण्याआधी स्वतःचा मीटर तपासणारा मी! पण तबकडी चकचकीत होती आणि परदेशी होती, म्हणून तिच्यावर विश्वास टाकला.

तपासायची रीत त्यानं सांगितली, ती ऐकून आधी वाटलं चेष्टा करतोय. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्यायचं. त्यात थेंब थेंब पाणी घालायचं, मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते टोपण आणि तबकडी एका घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. बरणीतल्या हवेची आर्द्रता तेव्हा पंचाहत्तर टक्के होते. मोडनिंबला करा नाहीतर मुंबईला करा, पंचाहत्तरच.

सकाळी बरणीतला काटा अठ्ठावन्नवर होता. म्हणजे तबकडी सतरानं कमी दाखवत होती. मी जेव्हा सत्तर बघून बायकोला हाक मारली, तेव्हा पेटीत सत्त्याऐंशीच्या आसपास होतं. मी सिगारांना अभिषेक घालत होतो.

तबकडी उघडून बघितली. आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी पातळ पट्टीची गुंडाळी. पट्टीची एक बाजू ओलीनं फुगते, दुसरी फुगत नाही, त्यामुळे गुंडाळी सैल-घट्ट होते आणि काटा फिरतो. पंख्याच्या रेग्युलेटरपेक्षा साधी वस्तू. मागे काटा जुळवायची खाच होती. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर घातला, जरा पिळला आणि खाच मोडली. तीस वर्षांच्या हाताची ही कमाई. शेवटी तबकडीवर चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलं : +१७. नंतर एक डिजिटल मागवला. त्यालाही बरणीत घातलं. तो त्र्याहत्तर म्हणाला. दोन टक्क्यांची चूक आपण माणसांनाही माफ करतो.

मुलगी पंढरपूरला बी.एस्सी. करते. शनिवारी आली तेव्हा हा सगळा संसार ओट्यावर मांडलेला होता. तिनं पेटीची लांबी-रुंदी पट्टीनं मोजली आणि वहीत काहीतरी केलं.

"पप्पा, ह्या पेटीत फार तर पाच लिटर हवा मावते. पंचवीस अंशांना त्या हवेत सत्तर टक्के आर्द्रता आणायला पाणी किती लागतं माहितेय? दोन थेंब."

"दोन थेंब?"

"दोन. तुम्ही किती घातलंत?"

मी उत्तर दिलं नाही. पेटीच्या हवेला दोन थेंब लागत होते आणि मी आठवडाभरात कपभर ओतलं होतं. मग ते गेलं कुठं? लाकडात गेलं, तंबाखूत गेलं. तिनं समजावलं की कोरडं लाकूड आधी स्वतः पितं, त्याची तहान भागेपर्यंत काटा हलत नाही. म्हणून नवी पेटी आधी रिकामी ठेवून, आत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवून आठ-पंधरा दिवस मुरवायची असते, मग सिगार भरायचे. आमची पेटी प्रवासात सुकली होती. तिला मुरवण्याऐवजी मी भिजवलं. लोणचं मुरवायला ठेवतात, त्यावर तांब्या ओतत नाहीत, हे आईनं मला कधीही सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी मुलीनं एक गोष्ट सांगितली, ती मी पुढे दुकानात येईल त्याला ऐकवली. ह्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात त्याला बाजारात स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते झाड देवदाराच्या नात्यातलं नाहीच. ते महोगनीच्या कुळातलं आणि आपला कडुनिंबही त्याच कुळातला. म्हणजे अमेरिकेच्या जंगलातला निंबाचा भाऊबंद मोडनिंबला माझ्या शोकेसमध्ये येऊन बसला होता. त्याच्या वासानं किडे दूर राहतात म्हणून तो निवडतात, असं म्हणतात. आमच्या घरात गव्हाच्या कोठीत निंबाचा पाला घालतात तो ह्याच भरवशावर.

"मग मला आधीच म्हणायचं की," आई म्हणाली. त्या दिवसापासून पेटीकडे बघण्याची तिची नजर थोडी निवळली.

बायकोचं माहेर सोलापूरचं, पूर्व भागातलं. एप्रिलच्या शेवटी तार आणायला सोलापूरला गेलो तेव्हा तिनं सांगितलं, आक्कांना भेटून या. आक्का तिच्या माहेरच्या शेजारीण. मूळच्या तेलुगू बोलणाऱ्या. आयुष्यभर बिड्या वळल्या. आता कुंभारीच्या घरकुलात राहतात. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती दहा हजार घरांची वसाहत, खास बिडी कामगार बायांची, २००६ साली तिच्या किल्ल्या पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते दिल्या गेल्या. आक्का आता वळत नाहीत, बोटं आणि छाती दोन्ही दमलीत. सून वळते.

मी मोबाइलवर पेटीचा फोटो दाखवला, आकडे सांगितले. आक्कांनी फोटो बघितलाच नाही. म्हणाल्या, "पान हातात घेतलं का?"

"नाही."

"मग काय बघितलं?"

सुनेच्या सुपाकडे बोट करून त्यांनी मला तेंदूच्या पानाची सगळी रीत सांगितली. कारखान्यातून पान येतं ते वाळलेलं, कडकडीत. तसंच दुमडलं तर चुरा. ते पाण्यात भिजवायचं, निथळायचं आणि ओल्या गोणपाटात बांधून ठेवायचं. ओल सगळ्या पानात सारखी पसरली पाहिजे. कडा मऊ आणि मधली शीर कडक, असं पान कात्रीखाली फाटतं. मग पत्र्याचं माप ठेवून कापायचं आणि कापलेलं पान पुन्हा ओल्या फडक्याखाली. उन्हाळ्यात फडकं दर घटकेला शिंपायचं, पावसाळ्यात नुसतं झाकायचं. जास्त ओल राहिली तर पान काळं पडतं आणि कारखान्यात बिडी बाजूला काढतात. बाजूला काढलेल्याची मजुरी नाही.

"किती टक्के ओल, कसं कळतं?" मी विचारलं.

त्यांनी सुनेच्या सुपातलं एक पान माझ्या तळहातावर ठेवून माझीच मूठ मिटली. उघडली. पान आवाज न करता हळूहळू पुन्हा पसरलं. "असं," त्या म्हणाल्या. "आवाज केला तर कमी. पसरलं नाही तर जास्त."

येताना एस.टी.त बसून मी तो विचार करत राहिलो. आक्कांची मजुरी ज्या एका गोष्टीवर अवलंबून होती, तिच्यासाठी भाच्याच्या जगात पितळी तबकडी, खास लाकूड आणि कॅप्टनचा निरोपसमारंभ. बिडी वळून झाली की कारखान्यात ती भट्टीच्या उबेवर वाळवतात, कारण तिचं पान वेगळं आणि तंबाखू वेगळी. सिगार मात्र आतून बाहेरून सगळाच तंबाखूचं पान. आत भरलेली पानं, त्यावर बांधणीचं पान आणि सगळ्यात वर एक देखणं पातळ पान. तो वाळला की वरचं पान आकसतं आणि तडकतं. ओला राहिला तर नीट जळत नाही, बुरशी धरतो. म्हणून त्याला मरेपर्यंत गोणपाटातच ठेवावं लागतं, फक्त ते गोणपाट लाकडाचं असतं. दोन्हीतली तंबाखू छातीला सारखीच वाईट, हे आक्कांचा खोकला ऐकून आलेल्याला सांगायची गरज नव्हती. आणि एस.टी. मोडनिंबला थांबली. ती पुढे जाणार होती टेंभुर्णीला. ज्या झाडाच्या पानात बिडी वळतात त्याला मराठीत टेंभुर्णी म्हणतात. इतक्या वेळा त्या फाट्यावरून गेलो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन पहिल्यांदा सिगार हातात घेतला. अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबला. लिंबू घेताना दाबतो तसा. दबला आणि परत वर आला. दुसरा दबला, पण वर यायला आळस केला. बुरशीवाल्या दोघांपैकी एक पुसून बरा झाला, दुसरा टाकून दिला. पेटी कोरड्या फडक्यानं पुसून दोन दिवस उघडी ठेवली. बोअरच्या पाण्याऐवजी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. दुकानदाराला तीनदा विचारून घेतलं की हे ॲसिड नाही ना, कारण दोन्ही कॅन शेजारी शेजारी असतात.

मे महिन्यात दुसरी परीक्षा. पाणी बरोबर, मीटर बरोबर, तरी आकडा रोज दुपारी घसरायचा. एका संध्याकाळी पेटी उघडताना टिक असा आवाज आला. वरच्या थरातल्या एका सिगारचं पान उभं चिरलं होतं.

पेटी घेऊन दुकानात आलो. रात्री शटर ओढून, दिवे मालवून, मोबाइलची बॅटरी पेटवून पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. डावीकडच्या कोपऱ्यातून उजेडाची एक रेघ बाहेर आली. दुसऱ्या दिवशी दहाची नोट झाकणात धरून ओढून बघितली. तीन बाजूंना नोट अडकली, चौथ्या बाजूला लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. आमच्या हवेनं दाराच्या चौकटी वाकवल्यात, तिथं ह्या पेटीचं काय.

मोटारीसाठी थांबलेले एक म्हातारे शेतकरी हे सगळं बाकावरून बघत होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते हसले. "आरं, म्हंजे ज्वारीच की ही. पाणी घालून ज्वारी येती का आपल्याकडं? परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात असती, तिच्यावर माल निघतो. तिला भेगांतनं जाऊ द्यायचं नाही एवढंच काम. एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी."

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. कोळपं मारलं की वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, खालची ओल खालीच राहते आणि मग पाऊस नसतानाही मालदांडीचं कणीस भरतं. हे सगळं जिल्ह्यातल्या प्रत्येकाला येतं. मी मात्र महिनाभर पेटीला पाणी पाजत बसलो होतो आणि भेगेकडे बघितलंच नव्हतं.

पेटीला कोळपणी घालायची कशी? झाकणाला रबर लावायचा मोह झाला, पण लाकडाची वस्तू बिघडवायची भीती वाटली. त्याऐवजी आईकडून जुना स्टीलचा डबा मागितला, दिवाळीच्या फराळाचा, झाकण पिळून बसणारा. पेटी डब्यात. मग जागा. पुढची खोली पत्र्याची, दुपारी भट्टी. मागं आजोबांच्या वेळचं माळवद अजून उभं आहे, दीड हात जाडीची दगडमातीची भिंत आणि भिंतीत बळद. पूर्वी त्यात ज्वारी असायची. आता मोडके पंखे असतात. पंखे काढून डबा ठेवला. बाहेर ४२ अंश असताना बळदात ३१. रात्री बाहेर २६, बळदात ३०. मला थंडाव्यापेक्षा ही स्थिरता मोलाची वाटली, कारण मुलीनं तोवर माझा आणखी एक गैरसमज काढला होता. टक्का म्हणजे हवेत पाणी किती ते नव्हे. त्या तापमानाच्या हवेत जेवढं मावतं त्याच्यातलं किती भरलंय, ते. चाळीस अंशांच्या हवेत घनमीटरला ५१ ग्रॅम पाणी मावतं, पंचवीस अंशांच्या हवेत २३ ग्रॅमच. म्हणून आमच्या दुपारची वीस टक्क्यांची हवा रात्री पंचवीसवर उतरली की पाण्याचा एक थेंब न घालता पंचेचाळीसच्या आसपास जाते. भांडं लहान झालं, पाणी तेवढंच. माझा काटा सकाळी वर आणि दुपारी खाली का नाचायचा ते आता कळलं. मी मात्र त्या प्रत्येक नाचाला पाणी वाढून दाद देत होतो.

भाच्याचा पुढचा निरोप आला : एवढ्या उष्ण जागी सत्तरचा हट्ट नको, पासष्ट चालेल. आणि सिगार आधी फ्रीजरमध्ये घाला. तंबाखूत एका किड्याची अंडी असू शकतात, पंचविशीच्या वर तापमान गेलं की ती उबतात आणि किडा टाचणीएवढी भोकं पाडत सगळी पेटी फस्त करतो. घट्ट पिशवीत दोनदा बांधून तीन दिवस फ्रीजर, मग एक दिवस खालचा कप्पा, मग बाहेर. घाई केली तर पान तडकतं.

ह्यावर घरात सभा भरली. मटारशेजारी तंबाखू ठेवायला बायको तयार नव्हती. आई तर फ्रीजमध्ये देवाचा नैवेद्याचा खवा असतो ह्या मुद्द्यावर अडली. निकाल मुलीनं दिला. तिनं सांगितलं की हा किडा नुसत्या तंबाखूतला नाही. हळकुंडात, मिरचीत, धण्यात जो बारीक तपकिरी किडा होतो तो हाच. बायकोचा गेल्या वर्षीचा धण्यांचा डबा ह्याच किड्यानं खाल्ला होता. जुना वैरी ओळखू आल्यावर तिनं स्वतः फ्रीजरचा एक कप्पा रिकामा करून दिला, फक्त पिशव्या दोनच्या चार केल्या.

पुण्याहून कुरिअरनं भाच्यानं मागवलेल्या पुड्या आल्या. चहाच्या पाकिटाएवढी पुडी, आत मिठासारख्या क्षारांचं घट्ट पाणी, बाहेरचा कागद असा की वाफ जाते-येते पण पाणी गळत नाही. आकडा छापलेला : ६५. पेटीत हवा कोरडी झाली की पुडी ओल देते, जास्त झाली की परत घेते. माझा स्पंज नुसता देणारा होता. देत राहायचं एवढंच त्याला माहीत, थांबायचं कुठं ते मी ठरवायचं होतं, आणि माझा मीटर खोटा होता. बरणीतलं ते ओलं मीठ पंचाहत्तरवर जे करत होतं, तेच ही पुडी पासष्टवर करत होती. प्रत्येक क्षाराचा आपला एक आकडा असतो, तो तिथंच अडून बसतो.

जून उजाडला, मृगाचा एक शिडकावा झाला आणि एका सकाळी आई मिठाची बरणी घेऊन आली. "आता तुझ्या पेटीला पाणी घालू नकोस रं. मीठ पाझरायला लागलं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. हवेतली ओल पंचाहत्तरच्या वर गेली की कोरडं मीठ पाणी ओढून पाझरू लागतं. जो आकडा शोधायला मी बरणी, टोपण आणि रात्र खर्च केली, तो ह्या बाईच्या स्वयंपाकघरात साठ वर्षं फळीवर बसून होता. मीठ पाझरलं की ती पापडांचा डबा बंद करते, माठाऐवजी कळशीतलं पाणी पिते कारण दमट हवेत माठ गार करत नाही, आणि चटणीला ऊन दाखवायला ठेवलेली ताटं आत घेते. टक्का हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. मी डिजिटल काढून ओट्यावर ठेवला : ७९. त्यात दोन मिळवले.

"किती हाय?" तिनं विचारलं.

"एक्क्याऐंशी."

"मग मी काय म्हणाले?"

पावसाळाभर बळदातला आकडा चौसष्ट-सहासष्टमध्ये राहिला. महिन्यातून एकदा डबा उघडायचो, खालचे सिगार वर आणि वरचे खाली करायचो, दोन-चार दाबून बघायचो. पहिल्या महिन्यात मी दिवसातून पाच वेळा पेटी उघडत होतो. काळजीपोटी उघडत होतो आणि दर वेळी पेटीभर मोडनिंबची हवा आत घेत होतो.

ऑक्टोबरात भाचा आला. अंगणात बसून पेटी उघडली, एकेक सिगार कानाजवळ नेऊन बोटांत फिरवला. तेवीस भरले. तेविसावा तडकलेला होता, तो त्यानं बाजूला काढला. मग वास घेतला आणि मान हलवली. "मामा, कॅप्टन खूश होईल. पण पेटीला फराळाच्या डब्याचा वास येतोय का हो थोडा?"

"चकलीचा," मी म्हणालो. "आणखी एक सिगार कुठं, ते विचार की."

"कुठं?"

आक्कांच्या सुनेला दिला होता. पुन्हा सोलापूरला गेलो तेव्हा मुद्दाम घेऊन गेलो. तिनं नखानं वरच्या पानाची कड उचलली, बांधणी कशी केलीय ते उलगडून बघितलं, सुपात तुकडे मांडले आणि सासूला हाक मारली. आक्कांनी वरचं पान मुठीत मिटलं, उघडलं. ते आवाज न करता पसरलं. "आता जमलं," त्या म्हणाल्या. तेवढं ऐकायला मी आठशेचा सिगार मोडू दिला होता, हे भाच्याला सांगितलं नाही.

पेटी गेली. खोटी तबकडी माझ्याकडे राहिली. ती दुकानात मेगरच्या वरच्या खिळ्याला टांगलीय. परवा परतीच्या पावसात एक मोटार आली. मेगर लावला तर आकडा लाजिरवाणा. गिऱ्हाईक म्हणालं, वायंडिंग गेलं, नवीन भरून द्या. मी वर बघितलं. काटा सहासष्टवर. मनात सतरा मिळवले.

"वायंडिंग चांगलंय," मी म्हणालो. "हवा ओली हाय. उद्या या."

आणि मोटारीच्या पोटात २०० चा बल्ब लावला.